रुंद पांढरा पट्टा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अप्पा तालुक्याच्या हायस्कूलमध्ये शिपाई होते आणि पंधरा ऑगस्टला झेंडा बांधायचं काम त्यांचं. घडी घालून, आत पाकळ्या ठेवून ते अशी सरकगाठ मारायचे, की पाहुण्यांनी दोरी ओढली की झेंडा एका झटक्यात उलगडायचा. ती गाठ मला त्यांनीच शिकवली. नॉटिंगहॅमला शिकायला आले तेव्हा ती कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण बसने तासाभरावरच्या एका छोट्या गावची. तिथे ख्रिश्चनांच्या लेंटच्या उपासांआधीच्या मंगळवारी अख्खं गाव फुटबॉल खेळतं. मैदान नाही, रेफरी नाही. नदीच्या अलीकडचे एका बाजूला, पलीकडचे दुसऱ्या. चेंडू गल्ल्यांतून जातो, बागांतून जातो, नदीतूनही जातो. दुकानदार सकाळीच काचांवर फळ्या ठोकतात. पण चौकातल्या खांबावर युनियन जॅक उलगडल्याशिवाय चेंडू फेकत नाहीत, आणि तो फडकवायचं काम माझ्या मैत्रिणीच्या आजोबांचं. त्यांच्या आधी ते त्यांच्या वडिलांचं होतं.

मी गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांची गाठ सुटलीच नव्हती. हात थरथरायचे, नजरही अधू झालेली. खेळाच्या कमिटीने निरोप पाठवला होता, यंदा ग्रँडॅडना स्वतःला जमलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस. मैत्रिणीने माझ्या गाठीबद्दल त्यांना सहज सांगितलं, आणि खेळाच्या दिवशी सकाळी त्यांनी मला परसातल्या शेडमध्ये बोलावलं.

"कुणाला बोलायचं नाही हं, डक," ते म्हणाले. त्या भागात मायेने सगळ्यांनाच 'डक' म्हणतात.

मी घडी घातली, गाठ मारली, सोडून पाहिली, पुन्हा मारली. ते दाराशी राखण करत उभे होते.

"आमच्याकडे आत फुलांच्या पाकळ्या घालतात," मी म्हणाले.

"आमच्याकडे लोक चिखल आणतात," ते हसले.

पावणेदोनला चौक भरला. फाटके टीशर्ट घातलेले, बुटांना टेप गुंडाळलेले शेकडो पुरुष थंडीत वाफा सोडत उभे होते. ग्रँडॅड खांबाशी, कोट-टाय घालून. मैत्रीण माझ्याशेजारी चिप्स खात होती. तिने समोरच्या खाटकाच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

"ते बघ, त्याने उलटा लावलाय. ग्रँडॅडच्या लक्षात आलं तर कच्चं खातील त्याला."

"उलटा? याला उलटं-सुलटं असतं?"

"असतं की! काठीच्या बाजूला तिरक्या तांबड्या रेघेच्या वर रुंद पांढरा पट्टा यायला हवा. उलटा झेंडा म्हणजे बुडत्या जहाजाची हाक."

तिरंग्यात केशरी वर, एवढंच मला माहीत. हा झेंडा मला कुठूनही सारखाच वाटला होता. झेंड्याच्या कडेच्या दोन पितळी कड्यांपैकी कुठली वर धरली, काही केल्या आठवेना.

ग्रँडॅडनी दोरी ओढायला सुरुवात केली. झेंड्याचं मुटकुळं हळूहळू वर जाऊ लागलं. उलगडला आणि उलटा निघाला तर सगळ्या गावासमोर त्यांची शोभा. थांबवलं तरी शोभाच. गप्प राहिले तर कदाचित काहीच झालं नसतं. पण 'कदाचित'वर त्यांचं नाव सोडायचं मला धाडस होईना. मी गर्दीत घुसले. कुणाचं तरी कोपर कानाला लागलं.

"ग्रँडॅड, तो… मी बहुतेक उलटा बांधलाय."

"बहुतेक?"

"मला खात्री नाही."

त्यांनी वर पाहिलं. मुटकुळं खांबाच्या अर्ध्यावर. मग त्यांनी दोरी सैल केली आणि झेंडा खाली घेतला.

गर्दीतून हुर्यो उठली. "अहो, खेळायचंय की धुणं वाळत घालायचंय?" "म्हाताऱ्याला खुर्ची द्या रे!"

ग्रँडॅडनी गाठ सोडली, झेंडा पसरला, नाक टेकेपर्यंत वाकून पाहिला. बोटाने पट्टा चाचपला.

"बरोबर होता," ते म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी घडी घालायचा प्रयत्न केला. बोटं ऐकेनात. चर्चच्या घड्याळात दोनचे टोल पडले. कमिटीचा माणूस हात पुढे करून आला. ग्रँडॅडनी त्याच्याकडे न बघता झेंडा माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बांध, डक. सकाळी बांधला होतास तसाच."

मी बांधला. त्यांनी वर चढवला, दोरी ओढली, आणि झेंडा एका झटक्यात उलगडला. चेंडू हवेत गेला, माणसांचा लोंढा त्यावर कोसळला. आम्ही दोघं फळ्या ठोकलेल्या एका दुकानाला पाठ लावून उभे राहिलो. मी सॉरी म्हणाले. ते वर बघत होते.

रात्री अप्पांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गाठ सुटली ना?"

"सुटली."

"आणि त्यांचं काम?"

याचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. कमिटीने दुसरा माणूस नेमला. मैत्रीण म्हणाली, तुझा काही दोष नाही, चौकातल्या निम्म्या लोकांना पट्टा कळतही नाही. ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. त्या उन्हाळ्यात फुटबॉलचा वर्ल्ड कप होता. गाड्यांवर, खिडक्यांत इंग्लंडचे झेंडे लागले. पांढऱ्यावर तांबडा क्रॉस, उलटा लावायची सोयच नाही. मला ते बघून बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. जावं की नाही, ठरत नव्हतं, पण ग्रँडॅडनीच बोलावलं होतं. या वेळी ते गर्दीत, माझ्या शेजारी, त्याच कोट-टायमध्ये. नव्या माणसाने दोरी ओढली. झेंडा उलगडताना त्यांनी माझं कोपर धरलं.

"मला इथून दिसत नाही, डक. रुंद पांढरा वर आहे?"

मी पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"आहे," मी म्हणाले. "खात्रीने."