खोडरबर

"चालणारा प्रोग्राम मला आवडत नाही, तो कशामुळे चालतोय हे कोणीच सांगत नाही."

कॉम्प्युटरच्या डिग्रीच्या पहिल्या वर्षाला ती हे लॅबच्या सरांना म्हणाली आणि सगळी लॅब फिदीफिदी हसली. सर म्हणाले, "आधी चालवून तर दाखवा बाईसाहेब, आवडीनिवडीचं मग बघू." त्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हा शेजारच्या स्क्रीनवर डोळा ठेवल्याशिवाय तिला साधा लूप लिहिता येत नव्हता. ते हसू तिने गिळलं, पचवलं मात्र नाही.

मग तिने एक वाकडी रीत धरली. प्रोग्राम चालला की अख्खा पुसायचा आणि न बघता पुन्हा लिहायचा. अडला की पुन्हा पुसायचा. बाकीचे एरर आली की ती उचलून इंटरनेटवर टाकत आणि मिळेल ते उत्तर चिकटवून मोकळे होत. ही मात्र दाताखाली खडा आल्यासारखी ती एरर चाचपत बसे. वर्गाने तिचं नाव खोडरबर ठेवलं.

राहायला ती थोरल्या बहिणीकडे होती. पुढच्या खोलीत भावोजींचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान, मागे रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला हिचा लॅपटॉप. भावोजींची बोटं शाईने काळी आणि जीभ त्याहून.

"काय मेहुणीबाई, आज काय पुसलंत?"

"कालचं."

"अगं, लोक पाण्यासाठी विहीर खणतात. तू पाणी लागलं की बुजवतेस!"

बहीण हसली. नवऱ्याच्या विनोदाला तिला हसावंच लागे. पण त्या हसण्याचाच हिला जास्त राग होता. भावोजींनी बजावून ठेवलं होतं, "शेवटच्या वर्षाला नापास झालीस तर मुकाट दुकानात बसायचं. शाई भरायला डोकं लागत नाही."

ती शिकत गेली. दुसऱ्याचा प्रोग्राम वाचताना तो कुठल्या ओळीवर मोडेल, हे तिला न चालवता कळू लागलं. विद्येने माणूस नम्र होतो म्हणतात. ती झाली नाही. तिला माणसांचा तिटकारा येऊ लागला, आणि त्यात ती सुखी होती.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला जोडीदार मिळाला तो चिकटपट्टी. इथून तिथून तुकडे आणून जोडणारा, हसतमुख, सगळ्यांचा लाडका. काम होतं परीक्षेची बैठकव्यवस्था लावण्याचं: एका शाखेची दोन मुलं शेजारी येता कामा नयेत. मांडणीचा भाग त्याने घेतला, बाकीचा हिने.

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी तिने त्याचा भाग तपासायला घेतला. हॉलमधला एक बाक कमी केला. उत्तर तेच. रांगच काढून टाकली. तरी तेच. मग तिने आत पाहिलं. सर वर्षानुवर्षं तेच तीन हॉल तपासायला देतात, हे जुनी मुलं नव्यांच्या कानात सांगून जात. चिकटपट्टीने त्या तीन हॉलची उत्तरं सरळ प्रोग्राममध्ये लिहून ठेवली होती.

तिने ते पुसलं. त्याला विचारलंही नाही. दुपारपर्यंत खरीखुरी मांडणी लिहून काढली.

लॅबमध्ये सरांनी पहिला हॉल दिला. बरोबर. दुसरा, तोही बरोबर. तिसरा मोठा होता. स्क्रीनवर काहीच येईना. प्रोग्राम एकेक मांडणी करून मोडत बसला होता. अशा लाखो मोडल्या तरी तो आज संपणार नाही, हे तिला क्षणात कळलं.

"काय केलंस तू?" चिकटपट्टी दात आवळून म्हणाला. "काल चालत होतं!"

"काल खोटं चालत होतं."

"मग मला सांगायचं होतंस! तुझ्या हट्टापायी मी का बुडू?"

त्याने तिच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह खुपसला, कालची फाईल चालवली. तिन्ही हॉल पापणी लवायच्या आत लागले. सरांनी मान डोलावली.

"हे झकास. दोघांनी मिळून केलंत?"

"हो सर," चिकटपट्टी म्हणाला.

"तुमचं काय, बाईसाहेब? ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगायचं, त्याशिवाय मी गुण टाकत नाही."

म्हणजे उत्तरं आत लिहून ठेवलेली असतात, हे यांनाही ठाऊक होतं. तिने सरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल नव्हतं, फक्त चहाची वेळ झाल्याचा कंटाळा होता. एक 'हो' म्हटलं की डिग्री. नाही म्हटलं की त्या काळ्या बोटांशेजारचं स्टूल, आणि भावोजींचे विनोद जन्मभर.

"अगं, बोल ना," चिकटपट्टी कुजबुजला. आता तो जवळजवळ विनवत होता. "हो म्हणायला काय जातं तुझं?"

"बोला, बोला," सर म्हणाले. "पुढची जोडी खोळंबलीय."

तिने लॅपटॉपची वायर गुंडाळली, तो पिशवीत टाकला, खुर्ची आत सरकवली आणि ती दाराबाहेर निघून गेली.