पाळी लावणारी आक्का

आक्काच्या तोंडून “जागा नाही” हे शब्द मी पाच वर्षांत एकदाही ऐकले नाहीत. चाकणच्या अलीकडे तिच्या पत्र्याच्या नऊ खोल्या होत्या आणि त्यांत कंपन्यांमध्ये काम करणारे आम्ही सव्वीस जण राहत होतो. तरी दाराशी कुणी बॅग घेऊन उभा राहिला, की आक्का त्याला आधी पाणी द्यायची, मग वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि विचारायची, “कंची शिफ्ट?” हा झोपणार कुठे, याची तिला कधी काळजी वाटली नाही. कधी झोपणार, एवढंच तिला कळायला हवं असे.

मी परभणीहून डिप्लोमा करून आलो तेव्हा मला अर्धी खाट मिळाली. म्हणजे खाट पूर्ण, पण वेळ अर्धा. दिवसा तीवर नांदेडचा एक गडी झोपे, कारण त्याची रात्रपाळी कायमची; रात्री मी. त्याच्या डोक्याला कुठलं तेल असतं हे मला उशीवरून पाठ झालं होतं, पण चेहरा फक्त गुरुवारी दिसायचा. आमच्या या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार वाटला जावा म्हणून ती तशी ठेवली, असं कुणीतरी आक्काला सांगितलं, तर तिला कोण आनंद झाला. “बगा, सरकारनं पन पाळीच लावली की,” असं ती पुढे कित्येक दिवस येईल त्याला ऐकवत होती.

पाळी हा आक्काचा जीव की प्राण असलेला शब्द. शहरातली पोरं तो पहिल्यांदा ऐकून माना खाली घालून हसायची. पण त्याचं मूळ विहिरीत होतं. आक्काच्या सासरी चार भावांत एक विहीर. प्रत्येकाला दोन दिवस मोटर चालवायची पाळी, आठ दिवसांनी चक्र पुन्हा सुरू. नवरा लवकर गेला आणि ही पाळी लावायचं काम थोरली सून म्हणून आक्काकडे आलं. दीर आपसांत बोलत नसत, पण आक्काने सांगितलेला दिवस कुणी मोडत नसे. पुढे जमीन कंपनीला गेली, विहीर कंपनीच्या भिंतीआड गेली. पाळी तेवढी आक्काकडे राहिली, आणि ती तिने आमच्यावर काढली.

संडासाला पाळी, नळाला पाळी, अंगणातल्या एकुलत्या एक आरशाला पाळी. मोबाइल चार्जिंगच्या बोर्डालाही पाळी. कुणा सिक्युरिटीवाल्याने जाताना विसरलेली शिट्टी तिच्या गळ्यात असे. वेळ संपली की शिट्टी, आणि शिट्टीनंतर नळ बंद. मी एकदा डोक्याला साबण लावून आत “एक मिनिट, आक्का” म्हणत राहिलो, तर तिने बाहेरून शांतपणे सांगितलं, की ते मिनिट आता दुसऱ्याचं आहे. त्या दिवशी मी तसाच डोळे चोळत कंपनीत गेलो आणि दिवसभर तिला शिव्या घातल्या. खोटं कशाला बोलू, ती काही मायेचा झरा वगैरे नव्हती. खवट होती.

एका गुरुवारी आम्ही अंगणात बसलो होतो. मोबाइलवर बातमी होती, की जगात आता आठशे कोटींच्या वर माणसं झाली आणि अजून वाढणार. मग काय, चर्चेला ऊत आला. एक म्हणाला, कायदा करा. दुसरा लोकांना चंद्रावर पाठवायला निघाला. आक्का मेथी निवडत होती. तिने विचारलं, “मग तिकडं पाळी कोन लावतंय?” आम्ही पोट धरून हसलो. मी शिकलेला ना, म्हणून मी तिला साधनसंपत्ती, नियोजन, आंतरराष्ट्रीय परिषदा असं सगळं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजी कोनीच लावत न्हाई.”

त्याच वर्षी उन्हाळ्यात बोअर आटला. दिवसातून अर्धा तास कशीबशी धार यायची, टँकर तीन दिवसांनी. अशात हिंगोलीकडचा एक पॅकिंगमधला कामगार बायकोला घेऊन दाराशी आला. तिला सातवा महिना होता. आधीच्या मालकाने तान्ह्या पोराची कटकट नको म्हणून खोली सोडायला लावली होती. आमच्याकडे एकही खोली रिकामी नव्हती, तर आक्काने त्यांना स्वतःच्या पुढच्या खोलीत घ्यायचं ठरवलं. आमचं डोकंच फिरलं. आम्हालाच आंघोळीला पाणी नाही, आणि ही बया आणखी दोन माणसं आणतेय, वर तिसरं वाटेवर. मी पुढाकार घेतला. रीतसर अर्ज लिहिला, “विषय : नवीन भाडेकरू न घेण्याबाबत,” आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पहिली माझी.

आक्काला वाचता येत नव्हतं. तिने मलाच वाचायला सांगितलं. मी घसा खाकरला, तेवढ्यात ती म्हणाली, “माज्याकडं नगं. तिच्याकडं तोंड करून वाच.”

ती पोरगी उंबऱ्याशी बसली होती, शेजारी एक बोचकं आणि पाण्याचा रिकामा हंडा. माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. मी “विषय” एवढं वाचलं आणि पुढचं अक्षर तोंडातून फुटेना.

“वाच की,” आक्का म्हणाली. “तुजंच अक्षार हाय.”

मी कागदाची घडी घातली. माझी इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आक्का मात्र रागावली नाही. तिने हंडा उचलून अंगणाच्या मध्यभागी ठेवला. “सव्वीस जनांचा येक येक तांब्या. बास झालं तिला,” एवढं बोलून तिने सगळ्यांच्या नव्या वेळा सांगितल्या आणि स्वतःची पाळी शेवटी टाकली. पहिला तांब्या मी ओतला. दुसरं करणार काय?

मुलगी झाली. ती दिवसा रडायची आणि रात्रपाळीवाले दिवसा झोपायचे, म्हणून तिला खेळवायची पाळी लागली. मला गुरुवारचा अर्धा तास मिळाला. आधी मी तिला कंपनीत तपासायला आलेल्या सुट्या पार्टसारखी दोन्ही हातांत अधांतरी धरायचो. पुढे पुढे शिट्टी झाली तरी द्यावीशी वाटेना.

मग माझं लग्न झालं, मोशीला फ्लॅट घेतला. दोनेक वर्षांनी आक्काचा फोन आला. पंचायतीची पाण्याची योजना येत होती, माणशी पाणी मिळणार होतं आणि फॉर्मवर घरातल्या सगळ्यांची नावं हवी होती. मी गेलो. आक्का एकेक खोली घेऊन नावं सांगत गेली, मी लिहीत गेलो. एकोणतीस झाली. ती म्हणाली, तीस लिही. मी पुन्हा मोजली.

“आक्का, एक जास्त होतंय.”

“तुजं कुटं लिवलंस?”

मी म्हटलं, मी आता इथला नाही, माझ्याकडे चोवीस तास नळ आहे. तर म्हणाली, “आसंल. पन हितं आलास, तर पानी काय घरनं घिऊन येनार हाईस?”

मी माझं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात काय लिहू, असं विचारल्यावर तिने शांतपणे सांगितलं, “घरचा.”

आक्का गेल्या थंडीत गेली. नळ त्यानंतर आला. मी तिकडे फारसा जात नाही, पण अंगणात पाणी तीस माणसांचं येतं. माझ्या वाटणीचं सध्या एक नवा आलेला पोरगा वापरतो, पहिल्या शिफ्टचा आहे म्हणे.