रीठ राह्यलं ना, साहेब

काही विचारलं की तो आधी माझ्या टेबलावरच्या वस्तू हलवायचा. खोडरबर तळ्याच्या जागी, टाचण्यांची डबी टेकडीच्या जागी, चहाची बशी उलटी घातली की गाव. मग जरा मागे सरून पाहायचा आणि म्हणायचा, "हे पाय बाई, गाव असं बसलं हाये."

मी एकवीस वर्षांची आणि हा साठीला टेकलेला माणूस मला बाई म्हणायचा! चंद्रपूरहून टायपिंगची परीक्षा पास होऊन मी गडचिरोलीकडच्या एका तहसील कचेरीत रोजंदारीवर लागले होते. घरातली पहिली कचेरीतली नोकरी. बोटं अशी पळायची की नायब तहसीलदार म्हणायचे, "पोरी, हळू, मशीन सरकारी आहे."

जिल्हा नवीन झाला होता. प्रत्येक साज्याची, म्हणजे एका तलाठ्याकडे असतात तेवढ्या गावांची, माहिती टाइप करून वर पाठवायची होती. सीमा, नाले, तळी, थोडक्यात इतिहास. आमच्या नायबांनी मला सर्वात लहान साजा दिला. तीन गावं आणि एक रीठ. रीठ म्हणजे उठून गेलेल्या गावाची जागा. तिथं माणूस राहत नाही, पण कागदावर गावाचं नाव असतं. तलाठी कधी जागेवर नसायचा, म्हणून माहिती सांगायला हा कोतवाल यायचा. दवंडी देणं, नोटिसा वाटणं, साहेब आले की पाणी आणणं, हे त्याचं काम.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला साल माहीत नसतं पण सगळं माहीत असतं. मी विचारायची, "भाऊ, तळं कधी खोदलं?"

"पाटलाची घोडी वाघानं नेली ना, त्याच्या दुसऱ्या साली."

"घोडी कधी नेली?"

"तळं नवतं तवा. तळं असतं त घोडी पाण्याले जंगलात काऊन गेली असती?"

मी हसून हसून लोळायची. उत्तर-दक्षिण त्याला चालायचंच नाही. एक बाजू अस्वलाची, एक बाजाराची, एक नाल्याची. चौथी बाजू रिठाची. एका खोलगट जागी म्हणे चांद्याच्या राजाचा हत्ती चिखलात फसला होता. मी तेही टाइप केलं. नायबांनी लाल पेन्सिलीनं काढून टाकलं.

रिठाबद्दल मात्र तो कमी बोलायचा. त्याच्या आजाच्या वेळेस मरीची साथ आली, माणसं पटापट गेली, उरलेल्यांनी गाव उचलून नाल्याच्या अलीकडे आणलं. पण माती द्यायला अजून तिकडंच न्यायचे. "जिते लोक इकडं आले. मेलेले काऊन येतीन?" त्याची बायकोही तिथंच होती. पाच वर्षं झाली होती. "बुढीच्या बाजूले जागा ठेवली हाये. मोहाची मुळी हाये मधात, थोडी तोडा लागंन." असं सहज सांगायचा, जसं आपण बसमध्ये सीट धरतो.

त्या हिवाळ्यात वनखात्याची आणि गावाची हद्द ठरवायला मोजणी लागली. मोजणीदार, फॉरेस्ट गार्ड, साखळी धरणारे दोघं, आणि वाट दाखवायला कोतवाल. मी हट्ट करून गेले. मला सगळं बघायचं होतं. मोजणीदार म्हणाले, "चला, अक्षर चांगलं आहे तुमचं, पंचनामा लिहा."

शिवेच्या पहिल्या दगडाशी कोतवालानं चपला काढल्या, काखेत घेतल्या आणि चालायला लागला. मोजणीदारांनी काहीतरी विचारलं, तो बोललाच नाही. गार्ड तिकडचाच पोरगा, त्यानं हसून सांगितलं, "साहेब, हे लोक शीव फिरतात तवा बोलत नाई. बोट बी दाखवत नाई. फेरी पुरी झाली का मंग बोलतीन."

"बरं आहे," मोजणीदार म्हणाले, "कटकट नाही."

तो पुढे, साखळी मागे. दुपारी नाल्याच्या वळणावर एका मोहाखाली तो थांबला. पलीकडे झाडीत रिठावरचे उभे दगड दिसत होते. त्यानं हात जोडले आणि उभाच राहिला, बराच वेळ.

"काय कोतवाल, इथूनच वळते का हद्द?"

तो गप्प. मोजणीदारांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "ठीक आहे, ठोका खुंटी." मी लिहिलं, 'कोतवालाने जागेवर उभे राहून दाखविल्याप्रमाणे.' मला ते वाक्य फार छान जमलं असं वाटलं होतं.

कोतवाल नाला उतरून पलीकडे झाडीत गेला. कोणीतरी म्हटलं, "गेला वाटतं परसाकडे." सगळे हसले. मीही हसले. साखळी नाल्याच्या काठाकाठानं पुढे गेली. अर्ध्या तासानं तो पुढच्या वळणावर आम्हाला येऊन मिळाला, पायात काटे, धोतराला कुसळं.

फेरी गावाच्या देवाशी संपली. तोवर पंचनाम्यावर सह्या सुरू झाल्या होत्या. त्यानं चपला खाली टाकल्या, घालून घेतल्या, आणि दिवसभरातलं पहिलं वाक्य बोलला, "रीठ राह्यलं ना, साहेब."

"म्हणजे?"

"तुमी नाल्यानं आले. शीव रिठाच्या मागून जाते. मी फिरून आलो ना थे."

"अरे, तू मोहाखाली उभा राहिलास, मी विचारलं, तू नाही म्हणाला नाहीस!"

"उभा त मी बुढीसाठी राह्यलो."

मोजणीदार वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "अर्ज कर. दुरुस्ती होते." आणि जीपमध्ये बसले. मीही बसले.

त्याच्यानंतर तो दर बाजाराच्या दिवशी यायचा. तीन अर्ज मीच टाइप करून दिले. चौथ्या महिन्यात उत्तर आलं. त्यात माझंच वाक्य होतं, जसंच्या तसं. जागेवर उभे राहून दाखविल्याप्रमाणे. सबब विनंती मान्य करता येत नाही. रीठ आता राखीव जंगलात. परवानगीशिवाय आत जायचं नाही, खोदायचं तर नाहीच.

मी वाचून दाखवलं. मला वाटलं होतं मी रडेन, किंवा तो रागावेल. त्यानं विचारलं, "हे उत्तर तूच टाइप केलं का?"

"नाही भाऊ. वरून आलं."

"मंग चांगलं हाये. तुले तरास नाई झाला."

तो गेला आणि मी दुसऱ्या साज्याची माहिती मशीनला लावली. बोटं पळतच होती. मला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद असतो. दसऱ्याच्या आसपास रस्ता सुरू झाला तेव्हा त्याचा जावई कचेरीत आला. कोतवालाची जागा रिकामी झाल्याचं लिहून द्यायला. सासरा पोळ्याच्या आधीच गेला होता. ताप आला, चौथ्या दिवशी संपलं.

मी कागद लावला. नाव, गाव, मृत्यूचं कारण. मग विचारलं, "माती कुठे दिली?"

"नाल्यावरच्या मोहापाशी नेलं. गार्ड आला होता. तो पाठ फिरवून उभा राह्यला, म्हणे, न्या तिकडं, मले दिसून नाई राह्यलं."

"मग?"

"नाई नेलं. बुढ्यानंच सांगून ठेवलं होतं. म्हणे, मी उभा राह्यलो त चूक माही हाये, मायासाठी गावावर केस नको. अलीकडंच दिली."

"किती लांब आहे तिच्यापासून?"

त्यानं थोडा विचार केला. "हाक मारली त आयकू जाते."

मी बरं म्हटलं, आणि त्याची बस किती वाजता आहे ते विचारलं.