आमच्या ह्यांचं नाव

बाई गं, अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. एक साधं नाव लिहायचं होतं मला, तेवढं झालं नाही.

माझी सून केरळची. तिला मराठी येत नाही, मला मल्याळम येत नाही. म्हणून आमच्या सासू-सुनेच्या गप्पा मोबाईलवर इंग्रजीत. बारावीपर्यंतचं माझं इंग्रजी मी पुन्हा घासूनपुसून काढलं आणि रोज दुपारी पुणतांब्याहून बंगळूरला मेसेज धाडायला लागले. "ही ड्रँक टी. ही शाउटेड ॲट हिम. नाऊ ही इज अँग्री." यातले एक आमचे मालक, दुसरा आमची शेती वाट्यानं करणारा वाटेकरी. कोण कोणावर ओरडलं आणि कोण रुसून बसलं, सूनबाईला काही पत्ता लागायचा नाही.

ती शाळेत इंग्रजीच शिकवते. फोन करून हसायची. म्हणायची, "अम्मा, आधी नाव लिहा, मग 'ही' लिहा. नाहीतर वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं?"

आता हिला कोण सांगणार! लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, एरवी नवऱ्याचं नाव माझ्या तोंडातून कधी निघालेलं नाही. लिहिणं तर लांबच. "मग पप्पा लिहा," ती म्हणाली. माझे काय ते पप्पा आहेत? "आमच्या घरात 'ते' म्हटलं की कुत्र्यालासुद्धा कळतं कोण ते," मी तिला ठणकावलं. तिनं हात टेकले.

मग तो दिवस आला. मुलगा एकटाच चार दिवस घरी आला होता, सून आणि छोटी नात बंगळूरलाच होत्या. भरदुपारी आमचे मालक शेताकडं निघाले आणि कालव्याच्या चारीजवळ स्कूटर घसरली. डोकं दगडावर. मुलानं त्यांना शेजाऱ्याच्या गाडीत घातलं आणि आम्ही नगरला निघालो. गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. एका हातानं मी सूनबाईला मेसेज केला. "ही फेल फ्रॉम स्कूटर. हेड इंज्युरी. ही इज नॉट स्पीकिंग." खाली दवाखान्याचं नाव टाकलं.

लगेच तिचा फोन. "अम्मा, हू? हू?"

"ही!" मी रडत ओरडले. "माय... ही!" नाव घशापर्यंत आलं आणि तिथंच अडलं. फादर-इन-लॉ हा शब्द तर डोक्यातून पारच उडाला. तेवढ्यात माझा मोबाईल बंद पडला, बॅटरीच संपली.

मुलाचा मोबाईल गडबडीत घरीच चार्जिंगला राहिलेला. तिचा नंबर त्याला पाठ नाही. "आई, तिला कळवलंस ना?" त्यानं विचारलं. "कळवलं," मी म्हणाले. दोघंही त्या बाजूनं निर्धास्त.

सकाळी ह्यांनी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मुलगा दवाखान्याच्या दारात चहा घेऊन उभा होता, तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. सूनबाई उतरली, कडेवर नात. अंगावर घरातलेच कपडे, डोळे सुजलेले. सासऱ्यांवर किती हा जीव, मला भरूनच आलं! तिनं मुलाला पाहिलं आणि ती तिथंच पायरीवर मटकन बसली.

नात हळूहळू बापाजवळ गेली. तो खाली बसला. "काय गं बबडे, तुम्ही कशा आलात?" तिनं एक बोट त्याच्या ओठांवर ठेवलं.

"पप्पा, यू कॅन स्पीक?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आई गं! म्हणजे ही पोरगी काल दुपारपासून नवरा जातोय असं समजून प्रवास करत होती? आणि लेकराला समजावत होती, की पप्पा आता बोलणार नाहीत?

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. तिनं माझा दंड गच्च धरला. रागानं का मायेनं, मला कळलं नाही. "वन नेम, अम्मा," ती म्हणाली. "जस्ट वन नेम."

तिच्या मोबाईलवर तिच्या आईचे मेसेजवर मेसेज येत होते. ती माउली तिकडं जावयासाठी टाहो फोडत असणार. "दे इकडं," मी म्हणाले. आमच्या मालकांचं नाव आडनावासकट लिहिलं. मग लिहिलं, ते पडले होते, तुमचे जावई ठणठणीत आहेत.

आत गेले. ह्यांच्या डोक्याला पट्टी. म्हटलं, "तुमचं नाव लिहिलं मी आज."

"का गं?" ते क्षीण आवाजात म्हणाले. "मी गेलो असं वाटलं व्हय तुला?"

मला हसूही आलं आणि रडूही. मी वाकले आणि त्यांच्या कानाशी त्यांना नावानं हाक मारली. ते माझ्याकडं बघतच राहिले.

मग हळूच त्यांनी ओ दिली.