झाबेताने सोडलेला दोर

आनेमूसा बेटावर एकशे सोळा माणसं राहतात आणि त्यातली एकशे पंधरा तशी हळू बोलतात. उरलेली एक म्हणजे झाबेता. वय अठ्ठावन्न, दंड खलाशाचे आणि आवाज असा की धक्क्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचं ठरलेलं लग्न मोडेल. तिच्या वरच्या खोलीत दर ऑगस्टला एक डच जोडपं उतरतं, शांततेसाठी. सकाळी साडेसहाला झाबेता खालून कोंबड्यांना, मांजरांना आणि समोरच्या टेकडीवरच्या मावसभावाला एका दमात हाका मारते. तेव्हा ते दोघं खिडकीत येऊन "किती निवांत आहे नाही इथे!" असं एकमेकांना सांगतात. सात वर्षं सांगताहेत. आता बहुधा त्यांना खरंच तसं वाटत असावं.

झाबेताचं काम दोर धरायचं. आठवड्यातून दोनदा जहाज येतं, धक्क्याकडे पाठ करतं आणि वरून खलाशी हलका दोर फेकतो. तो झेलायचा, त्याच्यामागून येणारा मनगटापेक्षा जाड दोरखंड ओढून घ्यायचा आणि त्याचा फास लोखंडी खुंट्यात अडकवायचा. मग जहाजाचा मागचा फळा धाडकन खाली येतो आणि त्यावरून कोबी, गॅसच्या टाक्या, पाहुणे, सुना असं काय काय उतरतं. आधी हे काम तिचा बाप करायचा. तो गेल्यावर आलेला सरकारी साहेब म्हणाला होता, "बाईमाणसाला कसं जमणार?" झाबेताने उत्तर दिलं नाही. तिच्या आयुष्यातली ही अशी एकमेव नोंद. मात्र साहेब परत निघाला तेव्हा त्याच्या जहाजाचा दोरखंड तिने एकटीने उचलून पाण्यात असा भिरकावला की साहेबाचा सूट कमरेपर्यंत भिजला. नेमणुकीचा कागद पुढच्याच बोटीने आला.

याला एकतीस वर्षं झाली. वारा असला की कप्तान अंदोनेलोस जहाजाच्या बाहेरच्या सज्ज्यावर येतो आणि आधी झाबेताचे हात बघतो. मूठ वर म्हणजे या. डोक्यावर हातांची फुली म्हणजे चालते व्हा. नियमाने निर्णय कप्तानाचा असतो. पण नियम लिहिणारे उत्तरेच्या वाऱ्यात आनेमूसाच्या धक्क्यावर कधी उभे राहिलेले नाहीत.

यंदा मरियममातेची तसबीर झाबेताच्या घरी होती. ही काळवंडलेली जुनी तसबीर दरवर्षी एका घरी राहते. पंधरा ऑगस्टला त्या घराने साऱ्या बेटाला जेवू घालायचं आणि पाद्रीने प्रार्थनेत त्या घरच्या जिवंत आणि गेलेल्या माणसांची नावं मोठ्याने घ्यायची. पाळीला एकोणीस घरं. झाबेताची आई पाळीची वाट बघता बघताच गेली. आणि एक जाच असा की पंधराला सण झाला नाही, तर सोळाच्या सकाळी पुढच्या पाळीचा माणूस येतो आणि स्वतःच्या हाताने तसबीर उचलून नेतो. कारण काही असो, पाळी बुडाली. पुन्हा वाट बघा एकोणीस वर्षं.

पुढची पाळी होती मार्कुलीसची. हाच तो टेकडीवरचा मावसभाऊ. धक्क्यावर त्याचं कॉफीचं दुकान आहे आणि तिथे कॉफीपेक्षा टोमणे जास्त उकळतात.

पंधराच्या सकाळी झाबेताच्या अंगणात सहा बोकड पातेल्यांत शिजत होते. सणाआधीच्या उपासापायी बेटाने पंधरा दिवस मांस, दूध, अंडं तोंडाला लावलेलं नव्हतं. वासाने माणसं वेडीपिशी झाली होती. फक्त पाद्री यायचा होता. बेटाला स्वतःचा पाद्री नाही, तो शेजारच्या बेटावरून नऊच्या जहाजाने येतो. आणि तीन दिवस उत्तरेचा वारा थांबलेला नव्हता.

"ताई, जहाज लागत नाही आज," मार्कुलीस दुकानाच्या दारातून ओरडला. "माझ्या खुर्च्या उडाल्या. एक तर सायप्रसला पोचली असेल!"

"तुझ्या खुर्च्यांवर बसायला कोणी तयार नसतं, वारा तरी न्यायला तयार झाला, आनंद मान!"

"तसबिरीसाठी कोनाडा रंगवून ठेवलाय मी. निळा."

"तुझ्या जिभेला फासायला थोडा रंग उरलाय का बघ!"

जहाज आलं. झाबेताने समुद्राकडे पाहिलं, लाटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि मूठ वर केली. हलका दोर वाऱ्याने दोनदा पाण्यात गेला, तिसऱ्यांदा तिने तो धक्क्याच्या काठावर गुडघे टेकून झेलला. दोरखंड आला, फास खुंट्यात पडला. लोकांनी टाळ्या पिटल्या. फळा खाली यायला लागला आणि त्याच्या टोकाशी, बॅग छातीशी धरून, सगळ्यांच्या पुढे पाद्रीबाबा लिनार्दोस उभे होते. त्यांच्यामागे बायका, कडेवरची पोरं, सुटीचे पाहुणे.

तेवढ्यात लाट फिरली. फळा माणसाच्या उंचीइतका वर गेला आणि धक्क्यावर असा आपटला की दगडाचा टवका उडाला. दोरखंड ताणून गुणगुणायला लागला. हा आवाज झाबेताला ठाऊक होता. असा गुणगुणणारा दोर तुटला की समोरच्याचे पाय नेतो.

"एकच मिनिट धर गं!" पाद्रीबाबा ओरडले. "मी उडी मारतो!"

एक मिनिट. तेवढ्यात एकटा पाद्री उतरला असता. एकोणीस वर्षं उतरली असती. पण पाद्रीने उडी मारली की मागची पोरंबाळं थांबणार नाहीत, हे तिला दिसत होतं. लाट ओसरून दोर ढिला पडला, त्या क्षणी झाबेताने दोन्ही हातांनी फास खुंट्यावरून उपसला आणि समुद्रात टाकला. मग डोक्यावर हातांची फुली केली.

कप्तानाने एका शब्दाने विचारलं नाही. जहाज पाद्रीला घेऊन निघून गेलं.

लोक पांगले. मार्कुलीस दुकानासमोरची पिंपं उचलून आत न्यायला लागला. झाबेता घरी गेली आणि पातेल्यांखालची लाकडं बाहेर ओढली. पाद्रीच्या आशीर्वादाशिवाय मटणाला कोणी हात लावणार नव्हतं. दिवसभर तिचा आवाज निघाला नाही. डच बाई दोनदा खाली येऊन काळजीने विचारून गेली, "सगळं ठीक आहे ना? फार शांत वाटतंय."

सोळाच्या सकाळी वारा पडला. झाबेताने तसबीर पुसली, उंबऱ्याशी आणून ठेवली आणि मार्कुलीसची वाट बघत बसली. सात वाजले, आठ वाजले. शेवटी ती दारात येऊन गरजली, "मार्कुलीस! ने बाबा एकदाची!"

टेकडीवरून क्षीण उत्तर आलं, "ताई, कंबर धरलीय!"

"काल तर पिंपं उचलत होतास!"

"म्हणूनच तर धरली! आडवा पडलोय, हलता येत नाही! उद्यापर्यंत तरी काही खरं नाही!"

झाबेता तिथेच पायरीवर बसली. दुसऱ्या कोणी तसबीर उचलायची नाही आणि ती हलेपर्यंत पाळी झाबेताचीच, हे साऱ्या बेटाला माहीत होतं. मार्कुलीसच्या कमरेला काही झालेलं नाही हेही साऱ्या बेटाला माहीत होतं. म्हाताऱ्या बायकांनी गंभीर चेहऱ्याने "बिचारा" म्हटलं आणि ताटं पुसायला घेतली.

परतीचं जहाज अकराला लागलं. पाद्रीबाबा उतरले ते तिच्यासमोर येऊन थांबले. "झाबेता, काल फळ्यावरून मी तुला एक शिवी दिली. देवासमोर कबूल करून झालंय, तुझ्यासमोर राहिलं होतं."

"कुठली दिलीत?"

त्यांनी तिच्या कानात सांगितली.

"एवढीच?" झाबेता म्हणाली. "तुम्ही उडी मारतो म्हणालात तेव्हा मी यापेक्षा मोठी दिली होती. चला, बोकड थांबलेत."

प्रार्थनेत तिचं नाव आलं, मग बापाचं, मग आईचं. आईच्या नावाला झाबेताने डोळे पुसले नाहीत, दोन्ही हात मेणबत्त्यांत अडकले होते. तीनदा उकळलेलं मटण चमच्याने कापता येत होतं. डच जोडप्याने तीनतीनदा वाढून घेतलं.

जेवणं झाली. ऊन कलल्यावर मार्कुलीस अंगणात आला, तसबीर खांद्यावर घेतली आणि टेकडीच्या दोनशे पायऱ्या न थांबता चढायला लागला.

"अरे, कंबर!" झाबेता खालून ओरडली.

तो वळलाही नाही. "कुठली कंबर?"