एका कानाचा मासा

मी देशावरचा माणूस. आमच्या गावात मासा म्हणजे विहिरीत पोहताना पायाला चाटून जाणारी एक भीती. ती खायची असते हे मला लग्नानंतर कळलं. बायको मालवणची. लग्नाला बारा वर्षं झाली तरी सासरच्या मंडळींच्या लेखी मी अजून 'घाटी जावई'च आहे. म्हणजे माणूस चांगला, पण काट्याला घाबरतो. मी घाबरत नाही. मी फक्त सावकाश खातो.

सासूबाई थंडीत आमच्याकडे इथे आखातात, मुऐदरला राहायला आल्या तेव्हा हा डाग एकदाचा धुऊन काढायचं मी ठरवलं. माझं ऑफिस हमद पोर्टला. दिवसभर समुद्राला पाठ करून मी कंटेनरचे कागद हलवत असतो. तिथल्या दोघा-चौघांकडून युक्त्या ऐकल्या, गळाची काठी विकत घेतली आणि घरी जाहीर केलं, की शुक्रवारी सुट्टीला अल खोरच्या किनाऱ्यावर जायचं आणि मी स्वतः पकडलेला मासा आईंना खाऊ घालायचा. बायको शाळेत जीवशास्त्र शिकवते, तिला पुराव्याशिवाय काही पटत नाही. तिने बटाट्याची भाजी आणि पोळ्या भरून घेतल्या.

सासूबाईंची मासा बघायची रीत इथे सांगायला हवी. बाजारात त्या माशाच्या तोंडाकडे बघतच नाहीत. अंगठ्याने कल्ल्यावरचं झाकण वर करायचं, आत लाल आहे की मळकट ते पाहायचं, नाक मुरडायचं आणि पुढच्या माशाकडे वळायचं. आमच्या नेहमीच्या बाजारातला विक्रेता त्यांना लांबून येताना बघूनच "मम्मी, खलास, सब फ्रेश है" म्हणत हात जोडतो. त्या तरी सगळे उघडून बघतात. आणि कल्ला आधीच उघडा दिसला तर त्या माशाला हातसुद्धा लावत नाहीत, कारण त्यांच्या मते तो दहा जणांनी बघून टाकून दिलेला असतो.

वाटेत अल खोरच्या मासळीबाजारापाशी गाडी थांबवली. गळाला लावायला कोळंबी हवी होती. सगळ्यांना गाडीत बसवून, बर्फाची पेटी उचलून मी एकटाच आत गेलो. एवढ्या साध्या गोष्टीचं पुढे काय होणार हे मला कसं कळावं?

किनाऱ्यावर छत्री ठोकली. सासूबाई खुर्चीत बसल्या, समुद्राकडे बघून "पाणी चांगला हा" असं एक प्रमाणपत्र दिलं आणि तोंडावर पदर घेऊन झोपल्या. आमची मुलगी पाठमोरी बसून शिंपले वेचत होती. मी उभा. ऊन चढलं, कोळंबी संपत आली, शेजारच्या खडकावरचा बगळा माझ्यापेक्षा जास्त कमवत होता. शेवटी बायको म्हणाली, "यल्ला, चला आता, मी चहाचा थर्मास आणते, मग जेवून घेऊ." ती गाडीकडे वळली आणि काठी वाकली.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी ओढलं, त्याने ओढलं, माझी टोपी गेली. शेवटी वाळूत एक चांदीसारखा जाडजूड मासा उड्या मारत होता. सोबैटी म्हणतात इथे त्याला. गळ त्याच्या पार घशात गेला होता आणि तो काढायचा कसा हे युक्त्या देणाऱ्यांनी सांगितलंच नव्हतं. मी कात्रीने दोरा कापला, मासा पेटीत बर्फावर टाकला, झाकण लावलं आणि तो आतून धडका मारायला लागला म्हणून झाकणावर बसलो. तो शांत होईपर्यंत कोणाला हाक मारायचं मला सुचलंच नाही.

मग मात्र मी सगळ्यांना गोळा केलं आणि झाकण उघडलं. सासूबाईंनी सवयीने अंगठा पुढे केला आणि तो हवेतच राहिला. माशाच्या डाव्या बाजूला कल्ल्यावर झाकणच नव्हतं. लालभडक कल्ले उघड्यावर.

"आज्जी, ही हॅज ओन्ली वन इअर," मुलगी म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पेटीकडे. मग मागे, ज्या रस्त्याने आम्ही बाजारातून आलो होतो तिकडे.

"जावयबापू," त्या अगदी मायेने म्हणाल्या, "ह्यो बाजारातलो मासो. कोणीतरी कल्लो उचकटून बगल्यान आणि ठेवन दिल्यान. घेतल्यात तर घेतल्यात, खोटा कित्याक सांगतास?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शपथा घेतल्या. ओली पॅन्ट दाखवली. टोपी कुठे गेली ते विचारा म्हटलं. बायको खाली बसून मासा उलटसुलट करून बघत होती. ती म्हणाली, "आई, हा टाकीत जन्मलेला असणार. पिल्लं टाकीत वाढवून समुद्रात सोडतात, त्यातल्या काहींचं हे झाकण वाढतच नाही. कड बघ किती गुळगुळीत आहे."

"तू गप. तू घोवाचीच बाजू घेतलंस."

परतीच्या अख्ख्या वाटेवर मी पुढच्या प्रत्येक गाडीला हॉर्न देत आलो. गळ अजून त्याच्या घशात आहे, हे सांगितलं असतं तर तिथेच निकाल लागला असता. पण ज्याला गळसुद्धा काढता आला नाही त्याने मासा धरला म्हणून कसं मिरवायचं? खोटारडा ठरणं परवडलं, असं मला तेव्हा वाटलं. राग आला की माझी अक्कल अशीच चरायला जाते.

घरी आल्यावर सासूबाईंनी पदर खोचला आणि विळी घेतली. बाजारातला असला तरी मासा वाया घालवायची त्यांची रीत नाही. मी बाहेरच्या खोलीत फोनमध्ये डोकं घालून बसलो होतो. आतला चिरण्याचा आवाज एकाएकी थांबला. मग हाक आली.

त्यांच्या तळहातावर गळ होता, त्याला कापलेल्या दोऱ्याचा तुकडा आणि माझी गाठ. त्यांनी ती गाठ चष्मा वर करून, खाली करून, दिव्याखाली धरून पाहिली.

"ही गाठ दर्यावरच्या माणसाची न्हय," त्या म्हणाल्या. "ही बैल बांधूची गाठ."

आमच्या घरी बैलांचं दावं तसंच बांधतात. मला दुसरी गाठ येतच नाही. मी मान हलवली. त्यांनी गळ धुऊन ओट्याच्या कडेला ठेवला आणि आमटीत घालायची तिरफळं कुठे ठेवलीत ते लेकीला विचारलं. माफी वगैरे काही नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

जेवण झालं. आमटी अप्रतिम होती, मासा जरा मऊ होता. मी ताटं उचलत होतो तेव्हा सासूबाई मालवणला आपल्या भावाशी फोनवर बोलत होत्या. हे मामा म्हणजे 'घाटी जावई' या शब्दाचे जनक.

"आज जावयांनी मासो धरल्यानी," त्या सांगत होत्या. "हो, गळान. मोठो होतो रे. एका कानाचो, पण फुडचा ऐक. बाजारातलो? बाजारातलो कसो असात? मी थयच बाजूक उभी होतंय. माझ्या डोळ्यांदेखत वडून काढल्यानी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी ताटं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. ती बाई त्या वेळी पदराखाली घोरत होती, आणि आता माझ्यासाठी आपल्या सख्ख्या भावाशी खोटं बोलत होती.