धुतलेल्या तबकड्या

मी सासऱ्यांच्या गाण्याच्या तबकड्या रिठ्याच्या पाण्यात भिजत घातल्या होत्या. हसा, हसून घ्या. सोळा वर्षांची, चौथी पास, आणि इंग्रजी आकडे वाचता येतात म्हणून नाक वर केलेली मी!

अख्ख्या कोरीट गावात फोनो फक्त आमच्याकडे. त्यात गाणाऱ्या बहुतेक बाया कोठीवरच्या, म्हणून सुनेसमोर त्यांची नावं काढायची नाहीत असा घरचा रिवाज. तबकडीच्या मधल्या कागदावर लांबलचक नंबर असे, त्यातले शेवटचे दोन आकडे सासरे ओसरीवरून सांगायचे. 'सत्तावीस' म्हणाले की मी आतल्या कपाटातून सत्तावीस काढून उंबऱ्याबाहेर सरकवायची. तेवढंच ते माझ्याशी बोलायचे, तेही भिंतीकडे बघून.

त्या दिवशी त्यांचे नंदुरबारचे दोस्त, कापडाचे मुसलमान व्यापारी, गाणं ऐकायला यायचे होते. सासूबाई पहाटेच म्हणाल्या, "पाव्हना येनार शे. घर चकचकीत दिखाले जोयजे." मी भांडी घासली, समया घासल्या, मग धुळकट तबकड्या घंगाळात सोडल्या. जरा वेळाने बघते तर पाण्यावर लाल कागद तरंगतायत, पिंडीवरच्या फुलांसारखे. खाली नुसत्या काळ्याभोर थाळ्या, सगळ्या जुळ्या बहिणी.

सासूबाईंनी लग्नानंतर लगेच बजावलं होतं, "फोनोले काई व्हयनं ते गाडी जुपाले लावसू, सीधी माहेरले!" शेजारची सून तूप जळालं म्हणून माहेरी गेली होती, तिला आणायला अजून कोणी गेलं नव्हतं.

शहाणीने काय करावं? पिठाची खळ केली आणि हाताला येईल तो कागद हाताला येईल त्या तबकडीवर चिकटवला. वर फुंकर मारली, लवकर वाळावं म्हणून.

पाहुणे आले. चहा दिला.

"सत्तावीस," सासरे म्हणाले.

सत्तावीस म्हणजे सकाळची तोडी. मी सत्तावीसचा कागद असलेली तबकडी उंबऱ्याबाहेर सरकवली. सुई टेकली आणि भर सकाळी संध्याकाळचा मारवा सुरू झाला. पाहुण्यांचा कप तोंडाशीच थांबला. दाराआड मी मनातल्या मनात ट्रंक भरत होते.

सासऱ्यांनी सुई उचलली. ओला कागद त्यांच्या अंगठ्यालाच चिकटून आला. त्यांनी तबकडी उन्हात तिरपी धरली, मधल्या गुळगुळीत गोलावर नख फिरवलं. तबकडी लाखेची असते आणि नंबर त्या लाखेतही दाबलेला असतो, हे मला आकडेपंडितेला कुठं ठाऊक!

"हाई त त्रेसष्ट शे," ते म्हणाले. पाहुणे त्या चिकट अंगठ्याकडे बघून फिसकन हसले. सासरे हसले नाहीत. उठून थेट उंबऱ्यापाशी आले. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. मागून सासूबाई म्हणाल्या, "सांगू का गाडी जुपाले?"

सासरे पहिल्यांदाच भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलले, "बेटा, गाडी राहू दे. आकडा लाखमा बी शे, तो धुवायना नही. पन भाकरी धुईसन वाढू नको हं."